चाचणी वाईट आली म्हणून औषध थांबवू नका

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत अचानक येणाऱ्या बहिरेपणावर आलेला मजकूर वाचला. विषय घेतलात हे फार बरं केलंत. चांगला चालणारा कान एका रात्रीत जाऊ शकतो, हेच बहुतेकांच्या गावी नसतं. पण मजकुराच्या शेवटाकडे असं सुचवलं होतं की आंतरकर्णाच्या तोल-चाचण्या आधी करून घ्याव्यात, कान परत येईल की नाही ते त्यावरून कळतं, आणि मग उपचार करायचे की नाही ते ठरवावं. या क्रमाला माझा आक्षेप आहे. मी श्रवणतज्ज्ञ आहे. या चाचण्या करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे त्यांचं कौतुक छापून आलं तर खरं म्हणजे माझा फायदाच. तरीही लिहिते आहे, कारण हा क्रम प्रत्यक्षात पाळला गेला की काय होतं ते मी पाहिलं आहे.

मागे पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. सकाळी उठल्यापासून उजवा कान बंद, सोबत गरगर आणि उलट्या. दुसऱ्या एका ठिकाणी सगळ्या तपासण्या झालेल्या होत्या आणि फाईल नीट लावलेली होती. रिपोर्टच्या तळाशी लिहिलं होतं की उजव्या बाजूने प्रतिसाद नाही, श्रवण सुधारण्याची शक्यता कमी. त्यांना तोंडी असंही सांगितलं गेलं होतं की आता स्टिरॉइड, म्हणजे या आजारावरचं नेहमीचं औषध, घेऊन साखर वाढवून घेण्यात अर्थ नाही, कान गेला असंच धरून चाला. बाई मधुमेही होत्या हे खरं, आणि साखरेची काळजी रास्तच होती. पण ती काळजी वेगळी आणि चाचणीचा निकाल वेगळा. मधुमेह्यांसाठी गोळीऐवजी कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं, त्याने साखरेवर फारसा परिणाम होत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत २५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तोंडाने दिलेलं स्टिरॉइड आणि कानात दिलेलं स्टिरॉइड यांची तुलना झाली. दोन्ही गटांची सरासरी सुधारणा ३० डेसिबलच्या आसपास निघाली, म्हणजे इंजेक्शन गोळीपेक्षा कमी पडलं नाही. हा पर्याय बाईंपुढे कुणी ठेवलाच नव्हता. शक्यता कमी, या दोन शब्दांनी विषय संपवला होता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना इंजेक्शनं दिली. दुसरा आठवडा सरत आला होता, तरी दिली. ऐकणं बऱ्यापैकी परत आलं, पूर्ण नाही. ते इंजेक्शनांमुळे आलं की आपोआप आलं असतं, हे मी सांगू शकत नाही आणि कुणीच सांगू शकत नाही. मुद्दा एवढाच की रिपोर्टच्या तळाच्या ओळीवर विसंबून त्या घरीच बसणार होत्या.

आता मूळ आजाराबद्दल थोडं. ७२ तासांच्या आत, ऑडिओग्रामवरच्या, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावरच्या, लागोपाठच्या किमान तीन कंपनसंख्यांवर ३० डेसिबल किंवा अधिक इतकं ऐकणं कमी झालं, आणि दोष मज्जातंतूच्या किंवा आंतरकर्णाच्या बाजूचा असला, की त्याला अचानक आलेला संवेदी बहिरेपणा म्हणतात. बहुतेक वेळा तो एकाच कानात येतो. बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही. विषाणू, रक्तपुरवठ्यातला अडथळा, रोगप्रतिकारशक्तीचा उलटा मारा असे तर्क आहेत. थोड्या रुग्णांत श्रवणतंतूजवळची गाठ निघते, म्हणून एमआरआय सांगतात.

लोक म्हणतात, कानात दडा बसलाय. इथेच वेळ जातो. मळ असेल, सर्दी असेल म्हणून थेंब घालत आठवडा काढतात. एक साधी गोष्ट घरी करून बघता येते. तोंड मिटून ‘हं’ असा लांब गुंजारव करायचा आणि तो कुठे ऐकू येतो ते पाहायचं. मळाने किंवा सर्दीने बंद झालेल्या कानात तो मोठा वाटतो. आंतरकर्ण गेला असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. डॉक्टर हेच ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून पाहतात. हे काही निदान नव्हे, पण गुंजारव चांगल्या कानात जात असेल तर त्याच दिवशी निघावं. मळ असल्याचं निघालं तर हेलपाटा पडेल, एवढंच.

ऑडिओग्राम नीट काढलेला असणं हे भाकिताच्याही आधी येतं. एक कान पुरता गेला असला आणि त्यात मोठा आवाज सोडला, तर तो कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान ऐकतो. रुग्ण प्रामाणिकपणे बटण दाबतो. त्याला काय माहीत कुठल्या कानाने ऐकलं! म्हणून चांगल्या कानात सळसळाट सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं, त्याला मास्किंग म्हणतात. घाईत ते राहिलं की मृत कान ‘५० डेसिबल’ दिसतो (आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं वाईट). मग पंधरा दिवसांनी कुणीतरी मास्किंग करून तपासतं, कान ९० वर निघतो आणि औषधाने बिघडलं असा बोभाटा होतो. उलटही होतं. सुरुवात चुकीची धरली की सुधारणेचे आकडेही चुकतात, आणि त्यावर उभं केलेलं प्रत्येक भाकीतही.

आता मूळ प्रश्न. तोलाच्या चाचणीचा ऐकण्याशी संबंध काय? आंतरकर्णात शंखाकृती कॉक्लिआ ऐकण्यासाठी आहे. तिला लागूनच सॅक्यूल आणि युट्रिकल या दोन पिशव्या आणि तीन अर्धवर्तुळाकार नलिका तोलासाठी आहेत. आतला द्रव जोडलेला आहे. रक्त येतं ते प्रामुख्याने एकाच बारीक धमनीतून, आणि ती बंद पडली तर दुसरी वाट नाही. संदेश नेणारा तंतूही आठवा, दोघांचा मिळून एकच. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांपैकी एकात आग लागली, तर ती पलीकडे किती पसरली यावरून आगीचा अंदाज येतो, तसा हा विचार आहे. सॅक्यूल कॉक्लिआच्या सर्वांत जवळ, नलिका लांब. एकट्या कॉक्लिआचं नुकसान असेल तर आशा जास्त, सॅक्यूलही गेली असेल तर कमी, नलिकाही गेल्या असतील तर आणखी कमी. ज्यांना चक्कर अजिबात आली नाही अशांतही काहींची सॅक्यूल गप्प झालेली आढळते, म्हणून नुसतं ‘चक्कर आली का’ विचारून भागत नाही, मोजावं लागतं. तर्क चांगला आहे. मला तो पटतो.

मोजायचं कसं? जुनी चाचणी कॅलोरिक. कानात शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश कमी आणि मग सात अंश जास्त, म्हणजे ३० आणि ४४ अंश सेल्सियसचं पाणी सोडायचं आणि डोळ्यांची हालचाल मोजायची. हिच्या मुळाशी रॉबर्ट बारानी यांचं काम आहे. त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं ते याच क्षेत्रासाठी, आणि बातमी पोचली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. व्हिडिओ हेड इम्पल्स चाचणीत चष्म्यासारखा कॅमेरा लावून मान छोट्या झटक्याने वळवायची आणि नजर स्थिर राहते का ते पाहायचं. तिच्यात सगळ्या नलिका वेगवेगळ्या तपासता येतात.

आणि तिसरी व्हेम्प, ज्या चाचणीच्या जोरावर हल्ली भाकितं केली जातात. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिचा कागद पाहणाऱ्याला खोलीत काय घडतं ते दिसत नाही. रुग्णाला आडवं करून मानेच्या पुढच्या जाड स्नायूवर, कॉलरच्या हाडावर आणि कपाळावर इलेक्ट्रोड चिकटवायचे. त्याने डोकं उशीवरून उचलून दुसऱ्या बाजूला वळवून धरायचं, म्हणजे तो स्नायू ताठ होतो. मग कानात मोठे टकटक आवाज सोडायचे, शंभरेक किंवा जास्त. सॅक्यूल शाबूत असेल तर प्रत्येक आवाजाबरोबर तो ताठ स्नायू क्षणभर सैल पडतो. सगळ्यांची सरासरी काढली की पडद्यावर १३ मिलिसेकंदांच्या आसपास एक चढ आणि २३ च्या आसपास एक उतार उमटतो. कान ऐकत नसला तरी हे होऊ शकतं, कारण इथे प्रश्न ऐकण्याचा नसून सॅक्यूलचा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादूच वाटते.

पण मान दुखणारे काका डोकं उचलूनच धरू शकत नाहीत. ‘काका, अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत राहावं लागतं. स्नायू ताठ नाही तर लाट नाही. मध्यकर्णात पाणी साठलेलं असेल तर आवाज आतच पोचत नाही, तरीही लाट नाही. वय साठीपुढे गेलं की निरोगी माणसातही ही लाट बारीक होत जाते, कधी दोन्ही बाजूंनी सापडतच नाही. या तिन्ही प्रसंगी कागदावर एकच शब्द येतो, अनुपस्थित. सत्तर वर्षांच्या माणसात दोन्ही बाजूंची लाट अनुपस्थित असेल तर आजारी कानाबद्दल त्यातून काहीही कळत नाही. त्यावरून शक्यता कमी असं लिहिणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत. शिवाय नुकत्याच दुखावलेल्या, कर्कश वाजणाऱ्या कानात एवढा मोठा आवाज पहिल्याच दिवसांत सोडायला मला स्वतःला आवडत नाही. सांगितलं तर करते, पण आधी विचारते की निकालाने उद्या काय बदलणार आहे.

ओएई नावाची आणखी एक चाचणी आहे. निरोगी कॉक्लिआ स्वतःच बारीक आवाज परत पाठवते, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं. हा प्रतिध्वनी कॉक्लिआतल्या बाहेरच्या केसपेशींच्या, म्हणजे सूक्ष्म केसांसारखे धागे असलेल्या पेशींच्या, ओळींतून येतो. ऑडिओग्राम वाईट असूनही तो सापडला, तर केसपेशी जिवंत आहेत असं समजतात, आणि काही वेळा दोष तंतूकडे असल्याचाही तो इशारा असतो. दोन्हींत पुढचा मार्ग वेगळा, म्हणून ती मला उपयोगी वाटते. आणि ती दोन मिनिटांत होते, डोकं उचलावं लागत नाही.

आता भाकितं एकमेकांशी का जुळत नाहीत? काही संशोधकांना व्हेम्प कामाची वाटली, काहींना कॅलोरिक, काहींना दोन्ही मिळून, आणि काहींना फारसा फरक दिसला नाही. मला याची कारणं तीन ठिकाणी दिसतात. पहिलं, अभ्यास बहुधा लहान, आणि चाचणी कुणी तिसऱ्या दिवशी केली तर कुणी तिसऱ्या आठवड्यात. दुसरं, सुधारणा म्हणजे काय यावरच एकमत नाही. सीगल यांचे १९७५ चे निकष अजून सर्रास वापरतात. त्यांनुसार ४० वरून २४ डेसिबलवर आलेला कान पूर्ण बरा, आणि ९० वरून ५० वर आलेला किंचित सुधारलेला. पण ज्याला काहीच ऐकू येत नव्हतं आणि आता श्रवणयंत्र लावून बोलणं कळतं, त्याला जाऊन सांगा बरं, किंचित!

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ज्यांचं ऐकणं मुळात खूप जास्त गेलेलं असतं, त्यांच्याच तोलाच्या चाचण्या जास्त बिघडलेल्या असतात, आणि त्यांचाच कान कमी परत येतो. मग भाकीत केलं कुणी, व्हेम्पने की ऑडिओग्रामने? साधा ऑडिओग्राम आणि चार प्रश्न यांतून बरंच कळतं. किती डेसिबल गेलं, आलेख कुठल्या बाजूला उतरतो, वय काय, चक्कर होती का, किती दिवसांनी आलात. खालच्या स्वरांपुरतं गेलेलं ऐकणं अनेकदा चांगलं परत येतं. वरच्या स्वरांकडे घसरत गेलेलं, किंवा सगळीकडे तळाला गेलेलं, कमी. महागडी चाचणी यात नवीन काय घालते हे दाखवायचं, तर एकाच पातळीचं नुकसान असलेल्यांची आपसात तुलना करायला हवी. अशी तुलना करणारे अभ्यास मी आवर्जून वाचते, बाकीच्यांचा मथळा वाचून पान उलटते.

आणि ज्या पायावर भाकीत करायचं तो पायाच किती हलता आहे पाहा. १९७७ मध्ये मॅटॉक्स आणि सिमन्स यांनी लिहिलं की सुमारे ६५ टक्के रुग्णांत उपयोगी ऐकणं आपोआप परत आलं. १९८० मध्ये विल्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात खोटं औषध दिलेल्यांत सुधारले ३२ टक्के, आणि स्टिरॉइड दिलेल्यांत ६१. म्हणजे काहीही न करता बरं होण्याचं प्रमाणच एकतृतीयांश की दोनतृतीयांश, यावर अजून वाद घालता येतो. स्टिरॉइडचा पुरावाही काही ठणठणीत नाही, हे मान्य. तरी आज हातात तेच आहे, आणि त्याची वेळ ठरलेली आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्टिरॉइड सुरू करायचं ते पहिल्या दोन आठवड्यांत, आणि अपुरी सुधारणा झाल्यास कानातलं इंजेक्शन दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान, असं आहे. चाचणी आठवडाभर थांबू शकते, औषध थांबू शकत नाही.

मग या चाचण्या करायच्याच कशाला? करायच्या, पण दुसऱ्या कारणांसाठी. एका बाजूच्या नलिका गप्प झालेल्या माणसाला अंधारात, ओबडधोबड जमिनीवर, मान झटकन वळवताना तोल जातो. त्याला व्यायाम लवकर सुरू करायला हवेत, पडल्यानंतर नव्हे. कान परत आलाच नाही तर पुढे काय लावायचं याची चर्चा करतानाही तोलाची स्थिती माहीत असावी लागते. आणि एक धोका इथे लिहूनच टाकते. अचानक बहिरेपणा आणि जबर चक्कर एकत्र आली, की कधी कधी तो मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या धमनीचा झटका असतो. सोबत दुहेरी दिसणं, बोलणं अडखळणं, चेहरा बधिर होणं किंवा अजिबात उभं राहता न येणं असेल, तर माझ्या खोलीत नव्हे, थेट आपत्कालीन विभागात जायचं.

रुग्ण पहिल्या भेटीत एकच विचारतात, ‘मॅडम, कान परत येईल ना?’ मी ऑडिओग्राम समोर ठेवते आणि सांगते की तुमच्यासारखा आलेख असणाऱ्यांत काहींचा येतो, काहींचा नाही, आणि तुमचा कुठल्या गटात जाईल ते आज ठरत नाही. सुधारणा व्हायची तर बरीचशी पहिल्या दोन आठवड्यांत दिसू लागते. उपचार संपल्यावर पुन्हा मोजू, आणि सहा महिन्यांच्या आत आणखी एकदा. काहींना हे उत्तर पळपुटं वाटतं. एका तरुणाने मला सरळ विचारलं होतं, मग एवढ्या मशिनी कशाला ठेवल्यात? त्याच्या सगळ्या तोल-चाचण्या छान होत्या, वय कमी होतं, आला होता दुसऱ्याच दिवशी. त्याचा कान परत आला नाही. त्याला पहिल्या दिवशी कुणी शक्यता उत्तम असं लिहून दिलं असतं, तर पुढच्या भेटीला तो माझ्यासमोर बसला असता का, मला शंका आहे. आज तो क्रॉस यंत्र वापरतो, बंद बाजूचा आवाज चांगल्या कानात पोचवणारं, आणि बैठकीत कुठल्या खुर्चीवर बसायचं ते आधी जाऊन ठरवतो.

रिपोर्ट लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगायचं आहे. आपण लाट आहे की नाही ते लिहावं. मान नीट उचलली गेली का, वय किती, मध्यकर्ण साफ होता का, चाचणी कितव्या दिवशी केली, हेही लिहावं. श्रवण सुधारेल की नाही ही ओळ आपली नाही. ती सगळे कागद एकत्र पाहणाऱ्या डॉक्टरांनी, रुग्णासमोर बसून, तोंडाने सांगायची असते.

आपल्याला एक विनंती. पुढच्या पुरवणीत त्या मजकुराची दुरुस्ती म्हणून कोपऱ्यात एवढं छापावं: एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम काढावा, उपचार लगेच विचारावेत, तोल-चाचण्या त्यानंतर. जागा कमी असेल तर माझं बाकीचं पत्र कापलं तरी चालेल.

आपली,
एक श्रवणतज्ज्ञ